हिरव्या पट्ट्यापर्यंत

९ नोव्हेंबर

पितळी वजनांचा आवाज आज फार दिवसांनी ऐकू आला. दुपारी खुर्चीत डोळा लागला होता, आणि लाकडी पेटीत वजने एकमेकांना लागून किणकिणायची तशी किणकिणली. वजनमापे खात्यात होतो तेव्हा ती पेटी खांद्याला लावून बाजारभर हिंडायचो, दुकानदारांचे तराजू तपासायचो. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आलो की ही घरात शिवणयंत्र थांबवायची. म्हणायची, तुमच्या आधी तुमची वजनं घरी येतात.

जागा झालो तर किणकिण चमच्याची होती. अर्धांगाने डावी बाजू गेल्यापासून हिची जीभ लवकर वळत नाही, म्हणून हाक मारायला उजव्या हाताने पेल्यावर चमचा वाजवते. खिडकीपाशी खुर्चीत बसायचे होते. मी काखेत हात घालून जोर केला. ती वीतभर उठली आणि मग मला घेऊनच पलंगावर आदळली. ती हसत सुटली. अर्ध्या तोंडाने हसते, पण हसू पूर्ण असते. मीही हसणार होतो, तेवढ्यात दारात उभी असलेली लेक दिसली.

१० नोव्हेंबर

लेकीने विषय काढला. तिची रजा संपली. तिच्या गावात, घराजवळच, एक शुश्रूषागृह आहे. ती बघून आली आहे. स्वच्छ आहे, खिडकीबाहेर झाड आहे. झाडाचे तिने दोनदा सांगितले, म्हणजे बाकी सांगण्यासारखे फारसे नसावे. मी कुठे राहायचे, तर इथेच. तिच्याकडे सासू-सासरे आहेत, दोनच खोल्या आहेत. भेटायच्या वेळेत येऊन बसायचे.

मी म्हणालो, ही कुठेही जाणार नाही. लेक म्हणाली, "बाबा, दिवसभर पलंगावर राहिली तर पाठ चिघळेल तिची. कामवाली मावशी सकाळ-संध्याकाळ येईल. मधल्या वेळी कोण उठवणार?"

शेवटी ठरले ते असे. फेब्रुवारीअखेर लेक पुन्हा येईल. तोवर मला हिला एकट्याने पलंगावरून खुर्चीत आणता आले तर ही इथेच राहील. नाही आणता आले तर मी हट्ट करायचा नाही.

ही डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. झोपली की हिचा उजवा अंगठा हलायचा थांबतो.

१४ नोव्हेंबर

व्यायामाच्या बाई आल्या. रुग्णालयात हिला शिकवायच्या त्याच. चाळिशीच्या पुढच्या, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. पिशवीतून रबराचे लांब पट्टे काढले. पिवळा सगळ्यांत नरम, मग लाल, मग हिरवा. पुढचेही रंग आहेत, पण ते तुमच्यासाठी नाहीत म्हणाल्या. हिरवा नीट ओढता आला तर काकूंना उठवता येईल. पट्ट्याला गाठ मारून ती दाराच्या कडीत अडकवायची, दार लावून घ्यायचे, आणि समोर उभे राहून कोपर मागे नेत ओढायचे. मग तोच पायाखाली धरून गुडघ्यांतून उठायचे. कमरेतून नाही, हे तीनदा बजावले.

मी सांगितले, वजनाशी माझी उभ्या जन्माची ओळख आहे, घरात लोखंडी वजने पडली आहेत, तीच उचलतो. त्या म्हणाल्या, वजन सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढंच असतं, हा मात्र जितका ओढाल तितका जड होत जातो. मला ते जरा अप्रामाणिकच वाटले. असे माप आमच्या खात्यात जप्त झाले असते.

पुढे त्यांनी जे सांगितले ते ध्यानात राहावे म्हणून लिहितो. तरुण स्नायू हाक मारल्याबरोबर ओ देतो. म्हातारा स्नायू आधी विचारतो, कोण आहे? पहिले काही आठवडे ताकद आल्यासारखी वाटेल, पण ती स्नायूची नसेल. मज्जातंतूंचे निरोप नीट पोचू लागतील, एवढेच. स्नायू भरतो तो नंतर, आणि थोडाच. तेवढ्यासाठीही म्हातारपणी तो तरुणापेक्षा जास्त खाणे मागतो. म्हणून रोज दोघांनी अंडे खायचे, दूध प्यायचे. काकूंनीही. पडून राहिलेले अंग भराभर उतरते.

बाई गेल्यावर हिने त्यांचे नाव रबरबाई ठेवले.

१५ नोव्हेंबर

पिवळा पट्टा. दंड थरथरले. हे लिहितानाही अक्षर हलते आहे.

२७ नोव्हेंबर

आकडे मोजत ओढायचे मला जमत नाही. आयुष्यभर आकडेच मोजले. म्हणून युक्ती काढली. चौथीच्या पुस्तकात नावाड्याची कविता होती. गुरुजी टेबलावर पट्टी आपटत आणि आम्ही सगळे एका सुरात डुलत म्हणायचो. दर ओळीला एक ओढ. कवितेतही तो वल्हीच मारतो, तेव्हा आमचे चांगले जमते. पहिल्या कडव्यात तो नाव सोडतो, मधल्यात पूर येतो, शेवटी दिवा दिसतो आणि काठ लागतो.

माझी नाव अजून पहिल्या कडव्यातच आहे. ही पलंगावरून विचारते, "बुडाला का आज नावाडी?"

म्हणालो, दोर सोडतोय. म्हणाली, "सोडा सावकाश. मला कुठं जायचंय?"

हे ती सहज म्हणाली की कसे, कळले नाही.

८ डिसेंबर

दुसरे कडवे पार झाले. रबरबाईंचे म्हणणे खरे दिसते, निरोप पोचू लागले आहेत. सकाळी बरणीचे झाकण उघडले. दोन महिने ते मावशी उघडत असे.

अंड्यांवरून आमची वादावादी. ही म्हणते, तोंडाला चव नाही, तुम्ही खा, दंडाला लागेल. रबरबाईंनी दोघांना सांगितले आहे, असे मी म्हणालो, तर म्हणाली, "व्यायाम तुम्ही करताय की मी? इंजिनात कोळसा घालतात, डब्यात नाही." या बाईपुढे मी उभ्या जन्मात वादात जिंकलो नाही. खाल्ले. फुकट घालवण्यात अर्थ नव्हता.

२१ डिसेंबर

लाल पट्टा आला.

आणि उचलायचा पट्टाही तयार झाला. ही उणीपुरी चाळीस वर्षे शाळेचे गणवेश शिवत आली. दप्तराच्या जाड कापडाचा तुकडा अजून जपून ठेवला होता. त्याचा रुंद कमरपट्टा करायचा, बांधायला ओळीने तीन बंद, दोन्ही बाजूंना मूठ, म्हणजे मला हिच्या काखेत हात घालावे लागणार नाहीत. पलंगावरून ही सांगत गेली आणि मी यंत्रावर बसलो. शिवण वाकडीतिकडी आली. तिने उजव्या हाताची नखे शिवणीवरून फिरवली आणि म्हणाली, "पहिलीतल्या पोराची चड्डी असती तर आई भांडायला आली असती."

मी रबराचा पट्टाही तिच्या हातात दिला. तिने तोंडात एक टोक धरले, ओढले, सोडले, आणि परत किती येतो ते बघितले. चड्डीत घालायचे इलॅस्टिक ती असेच पारखायची. ताणले किती जाते हे नव्हे, सोडल्यावर परत किती येते ते बघायचे. पट्टा पास झाला. मग तिने माझा दंड दाबून बघितला, बराच वेळ.

३ जानेवारी

थंडी आहे. नाव पुरात सापडली आहे. मधली कडवी फार लांब आहेत, चौथीत हे जाणवले नव्हते. तेव्हा वाटायचे, तो लवकर काठाला का लागतो, आणखी थोडा वेळ पाण्यात राहू दे.

१९ जानेवारी

उचलले!

दुपारी, मावशी नसताना. कमरपट्टा बांधला, गुडघे वाकवले, हिच्या उजव्या पायापुढे माझा पाय लावला आणि कवितेची पहिली ओळ म्हणून उठलो. ही उभी राहिली. माझ्या खांद्यावर हिची हनुवटी. कितीतरी दिवसांनी आम्ही असे समोरासमोर उभे होतो. मग वळून खुर्चीत. काही आदळले नाही.

खुर्ची खिडकीपाशी नेली. समोर छटाकशेठचे दुकान. त्याच्या तराजूत दर मापाला छटाकभर घट यायची, म्हणून हे नाव, आणि तेही हिनेच ठेवलेले. तो तराजू मी जप्त केला तेव्हापासून शेठ मला बघून मान फिरवतो. त्याच्या बायकोने मात्र कधी फिरवली नाही. गल्ल्यावर बसलेली असते, हिला बघून आज तिने हात केला. ही म्हणाली, "शेठचा अंगठा अजून तराजूलाच आहे. जा, पकडा." म्हणालो, निवृत्त आहे. म्हणाली, "दंड तर आत्ताच नोकरीला लागलेत."

फार दिवसांनी संध्याकाळपर्यंत घरात बोलणे चालू होते.

२ फेब्रुवारी

हिरवा पट्टा. नाव मधल्या कडव्यांच्या पलीकडे गेली. मला दिवा दिसतो आहे!

आता रोज उचलतो, आणि रोज कालच्यापेक्षा सोपे जाते. मावशीही म्हणाली, काकूंना उठवणं आता अगदी फुलासारखं. मी तिला दंड दाखवला. रबरबाई म्हणाल्या होत्या, या वयात स्नायू थोडाच भरतो. त्यांना माझा दंड माहीत नव्हता.

कमरपट्टा मात्र सैल पडतो. पहिल्या बंदाला बांधायचो, आता तिसऱ्याला बांधतो. कापड ताणले असेल, असे मी म्हणालो. ही म्हणाली, "हो, जुनं कापड आहे." अंगठीही बोटातून निघून अंथरुणात पडली होती. ती माझ्या पाकिटात ठेवली आहे. थंडीने बोटे बारीक होतात.

१२ फेब्रुवारी

नाव काठाला लागली. हिरव्या पट्ट्यावर, अख्खी कविता! शेवटच्या कडव्यातली एक ओळ आठवेना, तसाच पट्टा ओढून धरून उभा राहिलो, हात भरून आले. ती ओळ हिने पलंगावरून सांगितली. हिच्या शाळेतही तेच पुस्तक होते, हे लग्नाला इतकी वर्षे होऊनही मला माहीत नव्हते.

२४ फेब्रुवारी

लेक आली. मी तिला पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. आधी बघ म्हणालो. हिला उचलले, उभे केले, वळवले, खुर्चीत बसवले. श्वासही लागला नाही. मागे वळून लेकीकडे बघितले.

ती हसली नाही. आईपाशी गेली, गुडघ्यावर बसली, तिच्या गाउनची बाही वर केली आणि दंड हातात घेतला. आपल्याच बोटांनी त्याला वेढा घातला. बोटे बोटांना लागली आणि वर पेरे उरले.

मग मला विचारले, "बाबा, आई जेवते का?"

म्हणालो, जेवते की. चव नसते तिला, मग टाकते थोडे. तिचे उरलेले मी खातो.

लेक स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ नळ चालू होता.

मला तिचा रागच आला. इतक्या महिन्यांच्या मेहनतीवर एक शब्द नाही.

२५ फेब्रुवारी

लेकीने रबरबाईंना बोलावून घेतले. त्या सपाट वजनकाटा घेऊन आल्या. ही एकटी उभी राहू शकत नाही, म्हणून मला म्हणाल्या, काकूंना धरून दोघं मिळून काट्यावर उभे राहा. आम्ही राहिलो. हिचा उजवा हात माझ्या मानेभोवती. खाली आकडा दिसत होता. मग हिला बसवले आणि मी एकटा उभा राहिलो. वजाबाकी मला कुणी सांगायला नको होती.

नोव्हेंबरातला रुग्णालयातला आकडा बाईंनी सांगितला.

मी म्हणालो, काटा चुकीचा आहे. शून्यावर नसेल. मी खाली बसून काटा तपासला, रिकामा तपासला. मग घरातले दोन किलोचे लोखंडी वजन ठेवून बघितले, मग पाच किलोचे. काटा बरोबर होता.

बाईंनी मला विचारले, रोज किती अंडी खाता. म्हणालो, दोन. कधी तीन. त्यांनी हिच्याकडे बघितले. ही खिडकीबाहेर बघत होती. जवळ गेलो तेव्हा हळूच म्हणाली, "रागावू नका. मला जायचं नव्हतं."

त्याचा इथे काय संबंध, असे मी विचारणार होतो. विचारले नाही.

२६ फेब्रुवारी

लेकीने रजा वाढवली. शुश्रूषागृहाचे नाव ती काढत नाही, मीही नाही. आता सगळे मिळून हिला भरवतो. अंडे कुस्करून, दूध चमच्याने. ही मुकाट्याने तोंड उघडते. लहानपणी लेकीला ही जशी भरवायची तशी लेक हिला भरवते, चिमणीचा घास आणि काऊचा घास म्हणत. पण गिळायला फार वेळ लागतो. अर्धे ओघळते.

६ मार्च

ताप. छातीत कफ. डॉक्टर म्हणाले, अंगात राखीव काही उरले नाही.

तरीही दुपारी खुर्चीत बसायचे म्हणून चमचा वाजवला. मी कमरपट्टा बांधायला गेलो, तर मानेनेच नको म्हणाली. तसेच उचलले. गुडघे वाकवायची गरज पडली नाही. छटाकशेठची बायको गल्ल्यावर नव्हती. ही म्हणाली, "कुठं गेली ती?" म्हणालो, असेल आत. मग कविता म्हणा म्हणाली. नावाडी दोर सोडतो तिथून म्हणायला लागलो. मधल्या पुरात ही झोपली. मी शेवटपर्यंत म्हटली.

९ मार्च

गेली. पहाटे, आपल्याच पलंगावर. तिच्या मनासारखे झाले.

३० मार्च

लेक परत गेली. जाताना म्हणाली, "बाबा, माझ्याकडं चला. दोन खोल्यांत होईल कसंतरी." म्हणालो, बघू. तिने मला मिठी मारली तेव्हा माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि माझा दंड हाताला लागला तशी मध्येच थांबली.

रबरबाई आल्या होत्या. पट्टे परत द्यायला मी ते गुंडाळून ठेवले होते. त्यांनी घेतले नाहीत. तुम्ही चालू ठेवा म्हणाल्या, या वयात सोडलं की महिनाभरात सगळं उतरतं. फीत काढून माझा दंड मोजला. बोटाच्या जाडीएवढा वाढला आहे. तुमच्या वयाला हे फार झालं, असे कौतुकाने म्हणाल्या. मी फीत गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

७ एप्रिल

अंडी आणणे बंद केले आहे.

१८ एप्रिल

शिवणयंत्रावर कापड घालून ठेवले. कमरपट्टा उशीखाली आहे. त्याचे तीन बंद हाताला लागतात, पहिला, दुसरा, तिसरा. दप्तराचे कापड ताणत नाही. मुलांनी वर्षानुवर्षे पुस्तके कोंबली तरी ताणत नाही. चाळीस वर्षे ते कापड शिवणाऱ्या बाईला हे माहीत नसेल?

संध्याकाळी सवयीने पट्टा दाराच्या कडीत अडकवला. हिरवा. नाव सोडली. पुरापर्यंत गेलो आणि तिथे पुढची ओळ आठवेना. पट्टा ओढून धरून उभा राहिलो. पलंगावरून कुणी सांगेल म्हणून नव्हे, तसाच. जितका धरून ठेवावा तितका जड होत जातो, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

२ मे

आजचे लिहून ठेवतो.

पट्टा कडीत होता आणि दारावर थाप पडली. माझ्याकडे येते कोण? गाठ सोडवायला वेळ लागला. दार उघडले तर छटाकशेठ.

इतक्या जवळून त्याला मी तराजू जप्त केला त्या दिवशी पाहिले होते. आता पार वाळला आहे. नाही, चुकलो. वाळलेला नाही, चांगला भरलेला आहे, खांदेच तेवढे पडले आहेत. हातात कागदात गुंडाळलेला पिवळा पट्टा. माझ्याकडे न बघता, उंबऱ्याकडे बघत बोलला.

"साहेब, बायको पडून आहे. मार्चपासून. माझ्याच्यानं उचलवत नाही. मुलगा म्हणतो, कुठंतरी ठेवू या तिला. व्यायामाच्या बाईंनी हा पट्टा दिला आणि म्हणाल्या, समोरच्या साहेबांना सगळं येतं, त्यांच्याकडून शिका."

मी त्याला आत घेतले. खिडकीपाशीच्या खुर्चीत बसवले. त्याने पट्टा उलगडून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, जप्तीच्या दिवशी तराजू धरला होता तसा.

मी पट्टा घेतला नाही. विचारले, त्या जेवतात का?

"जेवते की," शेठ म्हणाला. "अलीकडं भूक नसते म्हणते. मग तिचं उरलेलं मीच खातो. वाया कशाला घालवायचं?"

मी त्याच्या दंडाकडे बघितले. मग उठून चपला पायात घातल्या.

"शेठ," मी म्हणालो, "पट्टा राहू द्या तिथंच. दुकानातला पोती तोलायचा मोठा काटा चालू आहे ना? चला, आधी तो तपासू."